देठ

कळमन्याच्या मागं, रेल्वेफाटकाच्या अलीकडे
पत्र्याचं एक गोदाम आहे.
शिंकल्याशिवाय तिथं कोणी आत जात नाही.
माझी माय तिथं एकोणीस वर्षं बसली
मिरचीचे देठ खुडायला.

किलोला आत्ता आत्ता सात रुपये झाले होते.
अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट,
बाकीची तीन नुसती सोबतीला.
रात्री पितळीत ताक घेऊन हात बुडवून बसायची.
सातवीत होतो, तिला घास मी भरवायचो
आणि मला वाटायचं,
सगळ्यांच्याच घरी आया अशा जेवतात.

मी आयटीआय केलं. फिटर.
शेवटच्या फीची पावती अजून ट्रंकेत आहे,
तीन हजार दोनशे.
मायच्या हिशोबानं चार क्विंटल सत्तावन्न किलो,
आणि वर एक मूठ.

माघात मशीन आलं, कोइमतूरहून,
घोंगडीत गुंडाळलेल्या म्हाताऱ्यासारखं.
बसवायला मला बोलावलं.
बोल्ट आवळले, पट्टा ताणला,
लेव्हल ठेवली तर बुडबुडा
पहिल्याच फटक्यात मधोमध.
माय तिच्या पोत्यावरून बघत होती.
शेजारच्या कौतिका नेवारेला म्हणाली,
“माह्या पोराच्या हातचं हाय ते.”
कौतिकाबाई हाव म्हणाली
आणि पुढची मिरची घेतली.

तासाला दोनशे किलो.
बेचाळीस बाया होत्या, अकरा ठेवल्या.
मशीन जे सोडतं ते त्यांच्याकडे:
वाकड्या, चपट्या, दमट,
देठ पोटात दबलेल्या.
झाडे मुनीम रजिस्टर उघडून दाखवतात,
दर कुठं कमी केला? बघा. सात म्हणजे सात.
खरं आहे. खोटं त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही.
पहिले दिवसाचे तीस किलो व्हायचे,
आता नऊ झाले तर देवच पावला.
मी मायला म्हटलं, तू सावकाश झालीस का?
ती म्हणाली, “सोप्या मिरच्याच वजन भरत होत्या बाप्पा.
सोप्या गेल्या ना.”

आयटीआयत हे कोणी शिकवलं नव्हतं.

एकतीस बाया एकाच महिन्यात
पारडीच्या त्याच चार गल्ल्यांत
भांडी धुवायचं काम विचारत फिरल्या.
माझी मामी रुखमा तिथंच धुणं-भांडी करते.
जन्मात तिनं गोदाम पाहिलं नाही,
मिरची फक्त फोडणीत टाकली.
तिच्या बाराशेचे नऊशे झाले.
मालकीण म्हणाली, दारात रोज दोघी उभ्या असतात,
मी तरी काय करू?
मामी विचारते, कोणतं मशीन रे? आमच्याकडे तर काही आलं नाही.
मी सांगायला गेलो
आणि अर्ध्यावर चहा मागितला.

परवा रात्री दीडला फोन. मशीन अडकलं.
सायकलवरून गेलो, भांडेवाडीचा वास सोबत.
झाकण उघडलं, टॉर्च दातात धरली,
सात फळ्या काढल्या,
तर आत रोलरच्या फटीत
एक देठ.
पक्कड शिरेना, पेचकसही शिरेना.
मग अंगठा
आणि त्याच्या शेजारचं बोट.
इतकं सहज निघालं की मी दोन क्षण तसाच बसलो,
ही चाल मी कधी शिकलो?

पहाटे घरी आलो, बोटं पेटलेली,
डोळ्याला चुकून हात लागलेला.
मायनं न विचारता पितळी पुढं सरकवली.
“कायचा बिगाड होता?”
देठ फसला होता.
“किती देलं?”
पाचशे.
ती थांबली. तिची मान जराशी हलली,
तिचा हिशोब तोंडीच असतो.
“एका देठाचे?”

आणि हसायला लागली,
हसता हसता शिंकायला लागली,
माझ्या सदऱ्याला लागलेली धूळ होती ती,
मग मीही.